ल्वारच्या काठाने सायकलवर दोन आठवडे: रोजचे किलोमीटर निम्मे करा आणि गावाचं घड्याळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक जोडपं, दोघांनीही २०० आणि ३०० किमीच्या बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या ब्रेव्हे राइड, केलेल्या, मे-जूनमध्ये दोन आठवडे फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलने फिरायचंय. दोघं शाकाहारी, अंडं चालतं, फ्रेंच येत नाही. त्यांचा प्लॅन मध्य फ्रान्समधल्या नवेरहून निघून ल्वार नदीच्या काठाने पश्चिमेला समुद्रापर्यंत आणि तिथून वर ब्रिटनी प्रांतात, रोज ११० किमी, तंबू सोबत. सायकल भारतातून न्यावी का, खायचं काय, झोपायचं कुठे, आणि प्लॅन बरोबर आहे का, असे चार प्रश्न.

मी बरीच वर्षं तूरला राहते, ल्वारच्या काठावरच, आणि हा रस्ता मी तुकड्यातुकड्यांनी सगळ्या ऋतूंत चालवलाय, भारतातून येणाऱ्या मंडळींना प्लॅन करूनही देते, तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नदी एकदम बरोबर निवडलीत. दिशा उलटी करा. आणि ११० चे ५० करा.

५० ऐकून तुम्हाला वाटेल ही बाई आपल्याला लेचेपेचे समजते की काय, तसं अजिबात नाही. ३०० ची बीआरएम केलेल्या माणसाला ल्वारच्या सपाट काठावर ११० किमी म्हणजे काहीच नाही, सामान लादलेलं असलं तरी. पाय कुठेच कमी पडणार नाहीत. पण इथल्या ग्रामीण भागात दिवस किती लांब हे तुमचे पाय ठरवत नाहीत, गाव ठरवतं. आपल्याकडे हायवेला कुठेही कधीही चहाची टपरी असते, रात्री अकराला सुद्धा ढाब्यावर कोणीतरी तवा तापवून देतं, आणि ब्रेव्हेवाल्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की खाणं हा प्लॅनिंगचा विषयच वाटत नाही. इथे तो पहिला विषय आहे.

गावातली बेकरी, म्हणजे बुलाँजरी, सकाळी सातच्या आसपास उघडते. साडेबारा-एकला बंद. मग साडेतीन-चारला परत उघडते आणि सातला बंद. छोटं किराणा दुकान असलंच तर त्याचं पण साधारण तेच. हॉटेलात दुपारचं जेवण बारा ते दीड, पावणेदोनला पोचलात तर किचन बंद झालेलं असतं आणि कितीही गोड बोललात तरी उघडत नाही, कारण आचारी खरंच घरी गेलेला असतो. रात्रीचं सात-साडेसातच्या आधी काही नाही. आणि दुपारी दोन ते चार गाव इतकं शांत असतं की नवीन माणसाला वाटतं इथे कोणी राहतच नाही, सगळ्या खिडक्यांची लाकडी झडपं बंद.

आता यात ११० किमी बसवून बघा. सकाळी तंबू आवरून नऊला निघालात, बांधावर फोटो काढत काढत १५ च्या स्पीडने, मध्ये एखादा शातो, म्हणजे जुना राजवाडा, बघायचा असेल तर अडीच तास तिथे, म्हणजे बेकरी उघडी असताना तुम्ही शेताच्या मधोमध आणि गावात पोचाल तेव्हा सगळं बंद. असं दोन-तीन दिवस झालं की माणूस बिस्किटांवर जगायला लागतो आणि मग घरी येऊन सांगतो की फ्रान्समध्ये शाकाहाऱ्यांचे हाल होतात. हाल शाकाहारामुळे होत नाहीत, वेळेमुळे होतात. ५० किमी ठेवलेत तर सकाळी ३० मारून साडेबाराच्या आत मोठ्या गावात पोचता येतं, ब्रेड-चीज-फळं घेऊन नदीकाठी नीट बसून जेवता येतं, ऊन उतरल्यावर उरलेले २० आणि सहापर्यंत काँपिंगला, म्हणजे तंबूच्या तळावर.

रविवार आणि सोमवार वेगळे धरायचे. रविवारी सकाळी बाजार भरतो, बेकरी उघडी असते, सुपरमार्केट कित्येक ठिकाणी साडेबारापर्यंत असतं आणि त्यानंतर सगळं शटर डाउन. सोमवारी बऱ्याच बेकऱ्या आणि हॉटेलं बंद, सायकलची दुकानं तर बहुतेक रविवार-सोमवार दोन्ही बंद. म्हणजे रविवारी दुपारी स्पोक तुटला तर मंगळवार सकाळ. म्हणून रविवार दुपार ते मंगळवार सकाळ या टप्प्यात तूर, सोम्यूर, ब्ल्वा, ऑर्लेआँ असल्या मोठ्या गावाजवळ राहायचं, हा मी सगळ्यांना देते तो एकच कडक नियम. मे महिन्यात तर सुट्ट्यांचा सुकाळ असतो, १ मे, ८ मे, मग ईस्टरनंतर येणारे असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार, आणि गुरुवारी सुट्टी आली की लोक शुक्रवारची रजा टाकून चार दिवस गायब. आता कितीतरी खेड्यांत बेकरीच उरलेली नाही, त्याऐवजी चर्चसमोर नाहीतर ग्रामपंचायतीच्या ऑफिसबाहेर ब्रेडचं मशीन असतं, नाणं किंवा कार्ड टाकलं की 'बागेत' नावाचा लांब पाव बाहेर येतो. अगदी ताज्याची मजा नाही त्यात, पण सोमवारी रात्री तेच मशीन देवासारखं वाटतं.

आता दिशा. अटलांटिककडून, म्हणजे पश्चिमेकडून वारा येतो, कायम नाही पण बहुतेक दिवस. नदी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते म्हणून लोकांना वाटतं प्रवाहाबरोबर गेलं की उतार मिळेल, पण ल्वारच्या खालच्या टप्प्यात उतार इतका नगण्य आहे की सायकलवर कळतच नाही, आणि समोरचा वारा मात्र बांधावर चांगलाच कळतो कारण तिथे आडोसा नसतो. म्हणून समुद्राजवळच्या नाँत शहरात ट्रेनने जा आणि तिथून पूर्वेकडे या. ला ल्वार आ व्हेलो नावाचा हा पूर्ण मार्ग साधारण ९०० किमीचा आहे, समुद्रावरच्या सँ-ब्रेवाँपासून नवेरजवळच्या क्युफीपर्यंत, फाटे वगैरे धरून. युरोव्हेलो ६ हा युरोपच्या आरपार जाणारा मार्गही इथे याच रस्त्याने जातो, त्यामुळे पाट्यांवर ६ आकडा दिसेल. नाँत ते ऑर्लेआँ ४०० च्या आसपास, पुढे नवेरपर्यंत आणखी दोनशेच्या घरात. तुमच्या दोन आठवड्यांत बरोबर एवढंच बसतं, दोन दिवस विश्रांतीचे धरून. ब्रिटनी या वेळी सोडा. तिथे सतत चढउतार आहेत आणि २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या मोठ्या ब्रेव्हेची स्वप्नं बघत असाल, जी मला तुमच्या प्रश्नात दिसतायत, तर तेव्हा तो भाग ९० तासांत १२०० किमी करताना बघालच, आणि तिथल्या गावातले लोक रात्री दोनला टेबल मांडून कॉफी आणि क्रेप घेऊन उभे असतात तेही बघाल. ते वेगळं प्रकरण आहे, त्याची तयारी म्हणून ही ट्रिप करू नका.

रस्त्याबद्दल. बराचसा भाग नदीच्या बांधावरून किंवा बांधाखालच्या छोट्या रस्त्यांवरून जातो, जिथे गाड्या नाहीतच किंवा शेतकऱ्याची एखादी. काही ठिकाणी डांबर, काही ठिकाणी दाबलेली बारीक खडी आणि वाळू, पाऊस पडला की तिथे चिकचिक होते आणि मडगार्डमध्ये माती अडकते. ३५ ते ४० मिमीचा टायर उत्तम. आपल्या रोडबाइकचा २५-२८ नको, चालेल पण सारखं लक्ष रस्त्यात राहील आणि मग नदी बघायची कधी?

नाँत ते आँजे हा टप्पा थोडा मोकळा मोकळा आहे, पूरमैदानं, गवताळ कुरणं, गाई, मधेच टेकडीवर द्राक्षमळे. खरी मजा आँजेनंतर सुरू होते. सोम्यूरच्या आसपास तूफो नावाचा पांढरा मऊ दगड आहे, शतकानुशतकं तो खणून शातो आणि घरं बांधली आणि खणलेल्या गुहांत लोक राहायला लागले, नंतर त्यात वाइन ठेवली, मश्रूम पिकवले. सूझे-शाँपिन्यी गावात सायकलमार्ग चक्क अशा गुहेतल्या जुन्या गल्लीतून जातो, बाहेर तीस डिग्री असताना आत एकदम गारवा, लाइट लावा आणि हळू चालवा. त्याच पट्ट्यात गुहेतल्या हॉटेलांत फुए मिळतात, छोटे गोल पाव, भट्टीत टाकले की पुरीसारखे टम्म फुगतात आणि गरम असतानाच फोडून आत काहीतरी भरून खायचे. डुकराच्या मांसाचं रियेत भरतात ते टाळायचं, पण पांढऱ्या घेवड्याची उसळ, ज्याला मोजेत म्हणतात, आणि बकरीच्या दुधाचं चीज पण असतं. मोजेत शिजवताना हॅम किंवा चरबी घातलीय का ते विचारून घ्या, घालतात कधीकधी. पुढे काँद-सँ-मार्ताँला व्हिएन नदी ल्वारला मिळते, गावाच्या वरच्या बाजूला एक छोटा पण खडा चढ आहे, सायकल खाली लावून चालत जा, तिथून दोन्ही नद्यांचं पाणी एकत्र येताना दिसतं.

शातो सगळे बघू नका. दिवसाला एक, तो पण एक दिवसाआड. व्हिलाँद्रीच्या बागा बघा, त्यातला भाजीपाल्याचा भाग खास, आणि शाँबोर बघा. शाँबोरचं काम १५१९ ला सुरू झालं, त्याच्या जंगलाभोवती ३२ किमीची भिंत आहे आणि सायकलमार्ग त्या भिंतीच्या आत जंगलातून जातो, संध्याकाळी टूरिस्ट बस गेल्यावर तिथे असलात तर फार छान वाटतं. ऑर्लेआँच्या पुढे गर्दी एकदम कमी होते आणि मला व्यक्तिशः हाच भाग सगळ्यात आवडतो, स्युली, जियाँ, मग ब्रियारचा कालव्याचा पूल. १८९६ मध्ये सुरू झालेला, ६६२ मीटर लांब, नदीच्या वरून कालवा जातो, बोटी नदी ओलांडतात त्या पुलावरून आणि शेजारच्या पदपथावरून तुम्ही सायकल हातात धरून. साँसेर टेकडीवर आहे, या अख्ख्या मार्गावरचा खराखुरा चढ तेवढाच, जवळजवळ दीडशे मीटर. सिंहगड करणाऱ्यांना काही नाही.

नदीबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगते. ल्वार उथळ, संथ, वाळूची सुंदर बेटं असलेली दिसते आणि जूनमध्ये उतरायचा मोह होतोच. उतरू नका. वाळू पायाखालून सरकते, प्रवाह दिसतो त्यापेक्षा कितीतरी जोरात असतो, दर उन्हाळ्यात माणसं जातात, आणि बऱ्याच ठिकाणी पोहायला बंदीच आहे. त्या वाळूच्या बेटांवर त्याच दिवसांत कुररी पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, अंडी वाळूच्याच रंगाची, पाय पडला तरी कळत नाही, म्हणूनही तिथे जाणं निषिद्ध असतं. नदी काय करू शकते हे बघायचं असेल तर काठच्या गावांत घरांच्या आणि पुलाच्या भिंतींवर कोरलेल्या रेघा बघा, १८४६, १८५६, १८६६ अशी वर्षं लिहिलेली असतात आणि कितीतरी रेघा तुमच्या डोक्याच्या वर असतात. ज्या बांधावरून तुम्ही चालवताय तो त्यासाठीच आहे.

खाणं. सकाळी बेकरीत शिरल्या शिरल्या आधी बाँजूर, मग काय हवं ते. बाँजूर न म्हणता थेट बोट दाखवलंत तर समोरच्याला खरंच उद्धट वाटतं आणि पुढचं सगळं बिघडतं. साध्या बागेतऐवजी त्रादिस्यों मागा, १९९३ च्या एका सरकारी हुकुमानुसार त्यात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण याच्या पलीकडे फारसं काही घालता येत नाही आणि तो चार-पाच तास चांगला राहतो. तूरच्या भागात आलात की साँत-मोर हे बकरीचं चीज घ्या, लांब नळकांड्यासारखं, बाहेरून राखेने करडं आणि आत पांढरंशुभ्र, मधोमध राय नावाच्या धान्याच्या ताटाची काडी घातलेली असते जी कापायच्या आधी ओढून काढायची. काडीवर बारीक अक्षरांत ते कोणी केलं त्याचा ठसा असतो. ताजं असेल तर आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारी चव, जुनं झालं की तिखट. कडक शाकाहारी असाल तर एवढं लक्षात ठेवा की इथली पारंपरिक चीज बहुतेक वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या दूध फाडणाऱ्या द्रव्याने, बनतात, सुपरमार्केटात पाकिटावर वाचून वनस्पतिजन्य रेनेटचं घेता येतं.

हॉटेलात ऑम्लेट जवळजवळ सगळीकडे मिळतं. गरम बकरी-चीजचं सॅलड मिळतं पण त्यात आणि कीशमध्ये, म्हणजे अंडं घालून भाजलेल्या खाऱ्या पायमध्ये, लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, न सांगता घालतात, त्यामुळे 'साँ व्हियाँद, साँ प्वासों, साँ लार्दों' हे तिन्ही पाठ करा, मांस नको मासे नको लार्दों नको. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं की मासा चालत असेल असं गावाकडे बऱ्याच जणांना वाटतं. स्वतः शिजवणार असाल तर अगदी सोपं आहे, हिरवी मसूर इथे फार छान मिळते, डब्यातली शिजलेली पण मिळते, कुसकुस गरम पाण्यात पाच मिनिटांत होतो, घरून फक्त मसाला आणि लोणचं आणा. गॅसचा डबा विमानात चालत नाही, इथेच घ्यायचा, पण तुमची शेगडी स्क्रूवाली असेल आणि फ्रान्समध्ये खेड्यात जास्त करून काँपिंगाझचे क्लिकवाले डबे मिळतात, दोन्ही वेगळे, एकमेकांना बसत नाहीत. नाँतच्या डेकॅथलॉनमध्ये पहिल्याच दिवशी स्क्रूवाले दोन घेऊन ठेवा.

पाणी कब्रस्तानात. ऐकायला विचित्र वाटेल पण इथले सगळे सायकलवाले तेच करतात, प्रत्येक गावात चर्चजवळ किंवा गावाबाहेर सिमेटरी असते आणि तिथे फुलांना घालायला नळ असतो. 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर पिऊ नका. कोणी भेटीला आलेलं असेल तर थांबा, बाहेर उभे राहा, मग जा.

राहायला गावाचं स्वतःचं काँपिंग असतं, काँपिंग म्युनिसिपाल, बहुतेक नदीकाठीच, दोघांना तंबूसकट साधारण १० ते २० युरो, गरम पाण्याची अंघोळ त्यातच. ऑफिस दुपारी बंद असतं, तंबू ठोकून टाका, संध्याकाळी कोणीतरी पैसे घ्यायला येतं. कित्येक ठिकाणी रात्रीच ऑर्डर दिली तर सकाळी ब्रेड तिथेच मिळतो. कुठेही रानात तंबू टाकायचा विचार असेल तर या नदीवर तो सोडून द्या, ऐतिहासिक वास्तू आणि संरक्षित जागा इतक्या जवळजवळ आहेत की कायदेशीर जागा शोधण्यातच संध्याकाळ जाईल. पावसात एखादी रात्र छताखाली हवी असेल तर 'आक्यूई व्हेलो' ची पाटी बघा, मार्गापासून पाच किमीच्या आतली राहण्याची ठिकाणं, सायकल आत ठेवायला कुलपाची जागा आणि दुरुस्तीचं सामान ठेवणं त्यांना बंधनकारक असतं. गवतात तंबू म्हणजे गोचीड आलीच, रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी बघा. काढायचा छोटा प्लॅस्टिकचा आकडा कुठल्याही फार्मसीत मिळतो. लाइम नावाचा आजार होऊ शकतो त्यामुळे हे टाळू नका.

सायकल आणू नका, हे माझं मत. दोन आठवड्यांसाठी बॉक्स, विमानाचे पैसे, आणि पॅरिसमध्ये तो बॉक्स घेऊन मेट्रोच्या जिन्यांवर, कशासाठी? ल्वारच्या काठाने भाड्याच्या टूरिंग सायकली मिळतात, एका शहरात घेऊन दुसऱ्यात परत देता येतात, मागे कॅरियर आणि पॅनियर, म्हणजे बाजूला लटकणाऱ्या पिशव्या, लावलेल्या. तुमचं सॅडल आणि पेडल मात्र घेऊन या, पेडल काढायचा १५ मिमीचा पाना पण.

कायद्याचं पटकन. गाडीने तुम्हाला ओव्हरटेक करताना गावाबाहेर दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर ठेवायचं असतं आणि बहुतेक लोक ठेवतात. कानात इअरफोन चालत नाहीत, दंड १३५ युरो. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं. गावाच्या आत मात्र कित्येक चौकांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, तिथे पाटी नसते, आणि उजवीकडच्या बारीक गल्लीतून ट्रॅक्टर बिनधास्त बाहेर येतो कारण त्याचा हक्क असतो. आपल्याला डावीकडून चालवायची सवय, त्यामुळे सकाळी पहिल्यांदा निघताना आणि जेवून परत निघताना, या दोन वेळा रिकाम्या रस्त्यावर हटकून चुकीच्या बाजूला जायला होतं. हँडलबारवर उजवीकडे चिकटपट्टी लावा.

ट्रेन. टीईआर या लोकल गाड्यांत सायकल बहुतेक फुकट जाते, उन्हाळ्यात काही मार्गांवर जागा आधी धरावी लागते. ऑर्लेआँ आणि नाँतच्या मधे कुठेही कंटाळलात, पाऊस लागला, गुडघा दुखला तरी जवळच्या स्टेशनवरून पुढे सरकता येतं, हा या मार्गाचा मोठा आधार आहे. नवेरहून पॅरिसची गाडी थेट आहे, पण सायकल सोबत असेल तर तिची जागा आधी बुक करा, कमी असतात. व्हिसाचं एवढंच की शेंगेनचा विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, त्यात सायकलिंग वगळलेलं नाही ना ते बारीक अक्षरांत वाचा, आणि मुक्कामांचा पुरावा मागतात म्हणून रद्द करता येतील अशी बुकिंगं मार्गाला धरूनच करा.

तारखा नक्की झाल्या की कळवा. कुठली सुट्टी कुठल्या वारी येते ते बघून दोन विश्रांतीचे दिवस कुठे टाकायचे ते सांगते, आणि शक्य असेल तर नाँतहून मंगळवारी निघता येईल असं विमान बघा.